डोक्यावर टिंब असलेलं अक्षर

आमच्या घरी ‘सोव्हिएत देश’ यायचा तो वाचायला नव्हे, वह्यांना कव्हरं घालायला. आम्ही सांगलीत राहायचो तेव्हाची गोष्ट. शेजारचे काका त्या सोव्हिएत नियतकालिकाचे वर्गणीदार होते. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वर्षभराचा गठ्ठा जूनच्या पहिल्या आठवड्यात आपसूक आमच्याकडे यायचा. खाकी कागद विकत आणावा लागे. हा फुकट, शिवाय गुळगुळीत आणि रंगीत. गणिताच्या वहीवर गव्हाच्या शेतातलं यंत्र, इतिहासावर बर्फातून धावणारी आगगाडी, शुद्धलेखनावर डोक्याला रुमाल बांधलेली गोबऱ्या गालांची हसरी बाई. अडचण एकच, त्या कागदावर लेबल टिकायचं नाही. डिंकाने दोन दिवस निघत, शितांनी लावलेलं तर शाळेच्या फाटकापाशीच गळून पडे. मग आई सुईदोऱ्याने लेबलाचे चारही कोपरे टाचून द्यायची.

आज त्याची गंमत वाटते. मॉस्कोत कुणीतरी ठरवलं असणार, भारतातल्या माणसांना आपल्याविषयी काय कळावं ते. मग कुणी फोटो काढले, कुणी मजकूर लिहिला, कुणी तो मराठीत आणला, छापला, पोस्टात टाकला. आणि एवढ्या खटाटोपाचं शेवटचं स्टेशन माझी शुद्धलेखनाची वही. आतलं कुणी वाचत नव्हतं असं नाही. काका वाचायचे, संध्याकाळी बाबांशी वादही घालायचे. पण आमच्यापुरता तो देश म्हणजे लेबल न टिकणारा कागद.

सोव्हिएत पुस्तकांचं वेगळं होतं. पुस्तकांची गाडी गावात आली की सगळं घर जायचं. जाड पुठ्ठा, मोठी चित्रं आणि किंमत अशी की आई नाही म्हणू शकत नसे. माझ्या वाट्याला एक पातळ पुस्तक आलं. म्हाताऱ्याने सलगम लावला, तो एवढा वाढला की उपटेचना. म्हाताऱ्याला धरून म्हातारी, म्हातारीला धरून नात, नातीला धरून कुत्री, मग मांजर, मग उंदीर. सलगम म्हणजे काय ते सांगलीत आम्हाला ठाऊक नव्हतं. “मोठा गोल मुळा समज,” आई म्हणाली. मी तसंच समजले, अजूनही थोडंफार तसंच समजते.

(राज कपूरचं नाव मी या लेखात काढणार नाही. रशिया म्हटलं की पुढच्या दोन मिनिटांत कुणीतरी ते काढतंच, त्यामुळे माझ्यावाचून त्याचं अडणार नाही.)

१९९१च्या जूनमध्ये मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या रशियनच्या वर्गात नाव घातलं. फ्रेंच आणि जर्मनच्या वर्गात झुंबड असायची, रशियनकडे येणारे वेगळेच. दोघं संरक्षण खात्यातले, एक निवृत्त इंजिनिअर, एक चळवळीतला मुलगा आणि सलगमाच्या ओढीने आलेली मी. पहिल्या महिन्यात अक्षरांनी घाम काढला. छापील अक्षरं एकवेळ ठीक, पण हाताने लिहायला लागलं की ‘त’ इंग्रजी एमसारखा, ‘द’ इंग्रजी जीसारखा, आणि काही शब्द तर नुसते करवतीचे दाते. निवृत्त इंजिनिअर म्हणाले, “आजोबांची मोडी बरी होती.”

विभक्त्यांनी मात्र हात दिला. रशियनमध्ये त्या सहा. तिकडची शाळकरी मुलं त्या पाठ करायला एक वाक्य घोकतात: ‘इवान रदील द्येवचोंकू, व्येल्येल तश्चीत प्येल्योंकू.’ इवानला मुलगी झाली, म्हणाला दुपटं आण. सहा शब्द, सहा पहिली अक्षरं, सहा विभक्त्या. ‘स ला ते, स ला ना ते’ डोलत म्हटलेल्या आम्हाला इवान आपल्याच वर्गातला वाटला. लिंगं तीन, तीही आपलीच, फक्त वाटणी उलटी. घर त्यांच्याकडे पुल्लिंगी, पुस्तक स्त्रीलिंगी. आणि ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं! इंग्रजीत थंडी वाजणारा माणूस स्वतःच थंड असतो. रशियनमध्ये ‘म्न्ये खोलद्ना’, मला थंडी वाजते. ‘म्न्ये न्रावित्सा’, मला आवडतं. थंडी काय, आवड काय, ती येते आणि आपल्याला होते, ती आपण करत नाही. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

उच्चारातही एक जागा आहे जिथे आपण फुकट मार्क मिळवतो. रशियनमध्ये दोन ‘च’ आहेत, दोन वेगळी अक्षरं. हिंदीभाषक तिथे अडखळतो, आपण अडखळत नाही. ‘चहाचा चमचा’ एवढं म्हटलं तरी दोन्ही येऊन जातात.

तर इवानच्या मुलीचं दुपटं वाळतंय न वाळतंय तोच २५ डिसेंबर उजाडला. क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. जानेवारीत वर्गातली निम्मी बाकं रिकामी. मामा म्हणाला, “आता रशियन शिकून करणार काय? देशच राहिला नाही.” मी बँकेच्या परीक्षेला बसले, पास झाले, आणि रशियन माळ्यावर गेलं.

ते खाली उतरलं थेट २०२०च्या टाळेबंदीत. मधल्या तीस वर्षांत भाषा फोनमध्ये येऊन राहिली होती.

तिथवर पोचायला तिला काय यातायात पडली, याचीही एक कथा आहे. कुणी श्रीलिपी किंवा आकृतीत टाइप केलेली फाइल पाठवायचं, आपल्या संगणकात तो फॉन्ट नसायचा, आणि पडद्यावर आकडे, स्वल्पविराम, टोप्या घातलेली रोमन अक्षरं यांची जत्रा भरायची. तो काळ आठवत असेल तर रशियनांचं दुःख लगेच कळेल. त्यांच्याकडे एकाच लिपीला चार-पाच संकेतप्रणाली होत्या, एकीत लिहिलेलं दुसरीत उघडलं की कचरा. या कचऱ्याला त्यांनी छान नाव ठेवलंय, ‘क्राकाझ्याब्री’. कोई-८ नावाच्या प्रणालीत तर त्यांनी मोठी हुशारी केली होती. अक्षरांची मांडणी अशी की वाटेत एखाद्या जुन्या यंत्राने प्रत्येक अक्षराच्या संकेतातला एक अंक, आठवा बिट, खाल्ला तरी मजकूर मरायचा नाही, रोमन लिपीत लिहिलेलं रशियन होऊन बाहेर पडायचा. लहान-मोठी अक्षरं उलटीपालटी व्हायची, पण वाचता यायचं. आपली भाषा वाटेत मार खाणार हे गृहीत धरूनच केलेली व्यवस्था.

इंटरनेटवर एका पार्सलचा फोटो फिरतो. परदेशातून रशियात पाठवलेलं पार्सल. पाठवणाऱ्याला पत्ता ईमेलने आला होता तो क्राकाझ्याब्रीत. त्याला वाटलं रशियन असंच दिसत असेल, आणि त्याने तो एकेक चिन्ह बघत पेनाने खोक्यावर उतरवून काढला. रशियन पोस्टातल्या कुणीतरी लाल शाईने प्रत्येक चिन्हाच्या वर खरं अक्षर लिहिलं. माझे वडील पोस्टात होते. हा फोटो बघायला ते हवे होते.

१९९४ साली मक्सीम मश्कोव नावाच्या एका प्रोग्रामरने नेटवर एक वाचनालय उघडलं. ना रंग, ना चित्रं, नुसती अक्षरं. लोक घरची पुस्तकं स्कॅन करून, टाइप करून त्याला पाठवत राहिले. स्वामित्वहक्काची भांडणं झाली, तीही खरी. पण ज्यांच्या गावात पुस्तकांचं दुकान नव्हतं किंवा जे देश सोडून गेले होते, त्यांची रशियन त्याने शाबूत ठेवली. पुढे २०१३मध्ये टॉलस्टॉयच्या ९० खंडांचं काम निघालं. स्कॅन केलेली छेचाळीस हजारांहून जास्त पानं, यंत्राने वाचलेली, पण चुका माणसांनीच काढायच्या. हाक दिल्यावर तीन हजारांहून अधिक लोक धावून आले आणि पहिलं वाचन दोन आठवड्यांत उरकलं. एका कुटुंबाने म्हाताऱ्यापासून उंदरापर्यंत रांग लावून सलगम उपटावा, तसं. त्या जुन्या ९० खंडांवर एक ओळ छापलेली आहे, पुनर्मुद्रण विनामूल्य करण्यास परवानगी. टॉलस्टॉयने स्वतःच १८८१नंतरच्या लिखाणावरचा हक्क सोडून दिला होता. म्हातारा दूरदर्शी.

वेबवरच्या भाषांची मोजदाद ठेवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-टेक्सने त्याच २०१३च्या मार्चमध्ये जाहीर केलं की संकेतस्थळांच्या संख्येत रशियन आता इंग्रजीखालोखाल दुसरी. ती जागा नंतर गेली. पण ती मिळाली होती ती कुणाच्या आदेशाने नव्हे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सरकार आलं मागून. २००७मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने ‘रूस्की मीर’ नावाचं प्रतिष्ठान निघालं, काम रशियन भाषेचा जगभर प्रसार. पुढच्या वर्षी परदेशांतल्या ‘रशियन घरां’चा, म्हणजे सांस्कृतिक केंद्रांचा, कारभार बघणारी सरकारी संस्था झाली. मुंबईत पेडर रोडवर आहे ते घर तिच्याच छत्राखाली. २०१४मध्ये मॉस्कोच्या पुश्किन इन्स्टिट्यूटने रशियन शिकण्याचं पोर्टल उघडलं, जगातल्या कुणालाही, फुकट. ‘सोव्हिएत देश’चा गठ्ठा पुन्हा दारात आला, म्हटलं तर.

टाळेबंदीत मी त्यावर नाव नोंदवलं. खोटं कशाला बोला, काम नीट केलेलं आहे. पायऱ्या बरोबर, आवाज स्वच्छ, व्याकरण सोपं करून सांगितलेलं. पण त्या धड्यांतल्या माणसांना काही होत नाही. ती संग्रहालयात जातात, एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात, मेट्रोचा रस्ता विचारतात. कुणाचं भांडण नाही, कुणाचा पगार थकलेला नाही, कुणाला सर्दीसुद्धा होत नाही. ‘सोव्हिएत देश’मधली रुमालवाली बाई नोकरी बदलून इथे आली आहे, असं मला सारखं वाटायचं.

म्हणून मग शिकवणी शोधली. एका संकेतस्थळावर शिक्षकांची यादी होती. जिची वेळ आणि फी मला जमेल अशी एक बाई मिळाली, साठीच्या आसपासची, शाळेत तीसेक वर्षं रशियन साहित्य शिकवलेली. गाव युक्रेनमधलं खारकिव. मी तिला मनात ‘बाई’ म्हणायला लागले, शाळेतल्यासारखं, आणि मग ‘त्या’.

बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं, “माझा ‘ग’ उचलू नका. मॉस्कोवाले हसतील.” त्यांचा ‘ग’ घशात मऊ होऊन जवळजवळ ‘ह’ व्हायचा. ‘गवरीत’ म्हणजे बोलणं, बाईंच्या तोंडी ते ‘हवरीत’. पोर्टलवरच्या निवेदिकेचा ‘ग’ दगडासारखा टणक. मी दोन्ही ऐकायची, आणि सांगायला हरकत नाही, मला मऊच आवडायचा. घाटावरून कोकणात उतरल्यावर बोलणं सैल होतं ना, तसं काहीसं.

दुसरी गोष्ट कंसांची. बाई चॅटवर गृहपाठ पाठवायच्या आणि वाक्याच्या शेवटी एक कंस बंद करायच्या. उघडलेला कुठे नाही, नुसता बंद. मला वाटायचं, हात चुकला. मग कधी दोन, कधी चार. शेवटी विचारलं. बाई एवढ्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरला. ते हसू असतं. इंग्रजीवाले अपूर्णविराम देऊन कंस काढतात. रशियन कळफलकावर तो अपूर्णविराम मिळवायला जास्तीची खटपट, म्हणून लोकांनी डोळे टाकून दिले, नुसतं तोंड ठेवलं. एक कंस म्हणजे सौजन्य. तीन म्हणजे खरंच हसू आलंय. अचानक एकही नाही म्हणजे समोरचा रागावलाय.

पोर्टलने मला ए-टू म्हणजे प्राथमिक पातळीपर्यंत नेलं. कंस बाईंनी शिकवला.

२४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. गुरुवार होता. आमचा तास शुक्रवारी. खारकिवपासून रशियाची सीमा तीस-चाळीस किलोमीटरवर. बाईंच्या घरी रशियन बोलत, आईशी रशियन, नवऱ्याशी रशियन, भाजीवालीशी रशियन. आणि ज्या भाषिकांच्या संरक्षणाची भाषा मॉस्कोतून होत होती, त्यांच्याच शहरावर पहिल्या दिवसापासून तोफगोळे पडत होते. महाराष्ट्रातली वैद्यकीय शिकणारी मुलं त्याच शहरात तळघरांत बसली होती. इथे वाहिन्यांवर त्यांच्या आईवडिलांचे चेहरे होते. बाईंचा निरोप चार दिवसांनी आला. मेट्रोच्या स्टेशनात आहोत. मांजर बरोबर आहे. कंस नव्हता.

एप्रिलमध्ये त्या पोलंडमधून बोलल्या. मी काहीतरी विचारायला गेले आणि घोटाळा केला. ‘युक्रेनमध्ये’ म्हणताना मी पुस्तकात शिकलेलं ‘ना उक्राईन्ये’ म्हटलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “व उक्राईन्ये.” आणि गप्प बसल्या.

ही एका अक्षराची भानगड मराठी माणसाला चटकन कळेल. ‘व’ म्हणजे आत, ‘ना’ म्हणजे वर. रशियनमध्ये देशांच्या नावांना बहुधा ‘व’ लागतं. युक्रेनला मात्र परंपरेने ‘ना’ लागत आलं, जसं एखाद्या मुलखाला, सरहद्दीच्या पट्ट्याला लागावं. १९९३मध्ये युक्रेनच्या सरकारने रशियाला सांगितलं, आम्ही स्वतंत्र देश आहोत, ‘व’ म्हणा. रशियातली अधिकृत रूढी ‘ना’वरच राहिली. आता आपल्याकडे बघा. ‘देशात’ आणि ‘देशावर’. ‘देशात निवडणुका आहेत’ म्हटलं की अख्खं राष्ट्र. ‘देशावर बाजरी पिकते’ म्हटलं की सह्याद्रीच्या अलीकडचा सपाट मुलूख. शब्द तोच, प्रत्यय बदलला की राष्ट्राचा इलाखा होतो. बाईंना मी नकळत ‘देशावर’ म्हटलं होतं.

त्या दिवशी आमची शिकवणी संपली. “तुम्हाला दुसरी भाषा येत नाही म्हणून मी तुमच्याशी रशियनमध्ये लिहीन,” बाई म्हणाल्या, “पण त्याला धडा म्हणू नका, आणि पैसे पाठवू नका.” तेव्हापासून त्या निरोपाची सुरुवात ‘प्रिव्येत’ने करत नाहीत, ‘प्रिवित’ने करतात. नमस्कारच, पण युक्रेनियन. पडद्यावर बघितलं तर फरक एका अक्षराचा. ‘प्रिवित’मध्ये एक सरळ दांडी असते आणि तिच्या डोक्यावर टिंब.

या टिंबाच्या अक्षराचा मला नाद लागला. ते रशियनमध्येही होतं, १९१८च्या लेखनसुधारणेपर्यंत. ‘मीर’ हा शब्द दोन तऱ्हांनी लिहीत. साध्या ‘इ’ने लिहिला की शांतता, टिंबवाल्याने लिहिला की जग. उच्चार एकच. सुधारणेत टिंबवालं अक्षर गेलं आणि जग आणि शांतता एकमेकांत मिसळून गेली. आपण १९६२च्या नियमांत न उच्चारलेली टिंबं काढली तेव्हा हेच केलं. तोवर आपलं ‘नांव’ डोक्यावर टिंब घेऊन फिरायचं आणि पाण्यातली ‘नाव’ बिनटिंबाची असायची. मग दोन्ही सारखी झाली. आपलं काही अडलं नाही, संदर्भाने कळतं. ‘मीर’चंही कळतं, कधीकधी.

माझ्या पिढीच्या इंजिनिअरांना मीर म्हणजे भौतिकशास्त्राची स्वस्त पुस्तकं काढणारं प्रकाशन. मग मीर अंतराळस्थानक, २००१मध्ये समुद्रात पाडलेलं. मग ‘रूस्की मीर’, ज्याचा अर्थ रशियन जग, पण रशियन शांतता असाही लावता येतो, आणि त्या दोन अर्थांमध्ये आज किती मैलांची आघाडी पसरली आहे ते बातम्यांत दिसतं. प्रतिष्ठानाचं नाव ते, आणि शेजारच्या देशांतल्या रशियनभाषकांवर हक्क सांगणाऱ्या विचाराचं नावही तेच. २०२२च्या जुलैमध्ये युरोपीय संघाने या प्रतिष्ठानावर निर्बंध घातले. मला त्यात अन्याय दिसत नाही. भाषा शिकवणारा हात आणि नकाशा ओढणारा हात एकाच खांद्याचे असतील तर विद्यार्थ्याने खांदा बघायला हवा.

आणखी एक मीर मला भेटलं ते बँकवाली असूनही माझी फजिती करणारं. त्याच वर्षी मे महिन्यात मी एका रशियन ई-पुस्तकांच्या दुकानातून चेखवच्या पत्रांचा खंड घ्यायला गेले. किंमत दीडशे रुपयेही नव्हती. कार्ड चालेना. दोनदा, तीनदा. मग लक्षात आलं, मार्चमध्येच व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातून अंग काढून घेतलंय. दुकानाने नम्रपणे सुचवलं, मीर कार्डाने पैसे भरा. ती त्यांची देशी कार्डव्यवस्था. पुण्याच्या सदाशिव पेठेत बसून मीर कार्ड कुठून आणू? अमेरिकेच्या शिकवण्यांच्या संकेतस्थळांनी तोवर रशियन विद्यापीठांचे अभ्यासक्रम थांबवले होते, रशियाने फेसबुक-इन्स्टाग्राम बंद केलं होतं. दोन्हीकडून खिडक्या लागत होत्या. चेखवची पत्रं मला मिळाली ती मश्कोवच्या वाचनालयात. फुकट, आणि टाइप करणाऱ्याच्या दोन चुकांसकट.

त्याच वर्षी सप्टेंबरात मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊ साठ्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. महाराष्ट्रातून उपमुख्यमंत्री गेले होते. फोटो बघून मला एकाच वेळी आनंद झाला आणि चुकचुकल्यासारखं वाटलं. दीड दिवस शाळेत गेलेला वाटेगावचा माणूस मॉस्कोच्या ग्रंथालयात उभा राहतो, याचा आनंद कुणाला नाही होणार? पण सातव्या महिन्यात पडलेल्या युद्धाची ती वेळ, आणि पुतळ्याला वेळ निवडता येत नाही. रेवदंड्याला अफानासी निकितीनचा स्तंभ आहे, पंधराव्या शतकात घोडा विकायला चौलला उतरलेल्या त्वेरच्या रशियन व्यापाऱ्याचा. तोही असाच, मागाहून उभा केलेला. स्तंभ, पुतळे यांचं मला वावडं नाही. फक्त अण्णाभाऊंचं रशियाशी नातं पुतळ्याच्या फार आधीचं आणि फार वेगळं आहे. ते तिकडे गेले १९६१मध्ये. पण स्तालिनग्राडचा पोवाडा त्यांनी रचला तो त्याच्या कितीतरी आधी, मुंबईच्या कामगार वस्तीत. डफावर थाप मारून, शिवाजी महाराजांच्या लढाया जशा गायल्या जातात तशी व्होल्गेकाठची लढाई गायली. तिकडून आलेली बातमी त्यांनी घेतली आणि आपल्या चालीत बसवली. मॉस्कोला काय पोचवायचं होतं, याची त्यांना पर्वा असेल असं वाटत नाही.

माझ्या भाचीची मुलगी माशा आणि अस्वलाची कार्टून बघते, दिवसातून चार. तिला विचारलं, ही माशा कुठली? म्हणाली, “यूट्यूबची.” माशा हिंदीत बोलते. रुमालवाल्या बाईसारखाच रुमाल बांधते.

सध्या मी रोज सकाळी रशियन वाचते ते मेदूझावर. मॉस्कोतून बाहेर पडावं लागलेल्या पत्रकारांनी लातव्हियातल्या रिगा शहरातून चालवलेलं हे बातमीपत्र. सुरू झालं २०१४मध्ये, म्हणजे रशियाने क्रिमिया गिळला त्या वर्षी, आणि पुश्किन इन्स्टिट्यूटचं पोर्टलही त्याच वर्षीचं. २०२२च्या मार्चमध्ये रशियाने ते बंद केलं, २०२३च्या जानेवारीत ‘अनिष्ट’ ठरवलं. तिथे एखादा कठीण शब्द अडला की मी दुसऱ्या खिडकीत ग्रामोता.रू उघडते, रशियन शब्दकोशांचं २०००पासून चालत आलेलं संकेतस्थळ. तरीही अडलं तर पोर्टलवरचा धडा काढते. मॉस्कोने शिकवलेल्या विभक्त्या लावत मॉस्कोला नको असलेल्या बातम्या वाचते. कुणाला यात कृतघ्नपणा वाटेल. मला वहीचं कव्हर आठवतं.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, पण हसल्या नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा आहे. तीस वर्षं ज्या कविता त्यांनी मुलांकडून पाठ करून घेतल्या, त्या आता त्यांच्या तोंडात येत नाहीत. “भाषेचा काय दोष,” असं मी एकदा म्हणून गेले. “दोष नाही,” त्या म्हणाल्या, “पण रात्री सायरन वाजल्यावर मला युक्रेनियनच सुचतं.” त्यांच्या भाषेत मीर म्हणजे फक्त शांतता. जगाला दुसरा शब्द आहे, ‘स्वित’. मी तो लिहून घेतला. त्यातही टिंब आहे.

गेल्या दिवाळीत माळा काढताना सलगमाचं पुस्तक सापडलं. त्यालाही कव्हर होतं, ‘सोव्हिएत देश’च्या पानाचं, कसल्यातरी धरणाचा फोटो. लेबल जागच्या जागी, चारही कोपरे आईने टाचलेले, दोरा पिवळा पडलेला. लेबलावर छापील अक्षरांत ‘नांव’. नियम १९६२ला बदलले, पण सांगलीच्या छापखान्याने खिळे बदलले नव्हते.

मी पहिल्या पानाचा फोटो बाईंना पाठवला. म्हातारा, सलगम, मराठी ओळी. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, “हे चित्र आमच्या घरी होतं. खाली तुमच्या भाषेत काय लिहिलंय?” मी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. ओढतोय, ओढतोय, पण उपटत नाही. त्यांना अर्थ सांगायची गरज नव्हती. रशियनमध्ये ते ‘त्यानूत-पत्यानूत’ असतं, तिकडच्या तीन वर्षांच्या पोरालाही पाठ.

उत्तरात एकच शब्द आला. रशियनमध्ये सलगमाला ‘र्येपका’ म्हणतात. बाईंनी लिहिलं होतं ‘रीपका’, दुसरं अक्षर ते, दांडी आणि डोक्यावर टिंब. आणि शेवटी एक कंस, कुठेही न उघडलेला.